न धुतलेला रोल

माझ्याकडच्या एका निगेटिव्हवर लाट उमटली आहे. छत्तीस फ्रेमचा रोल टेबलावर लांबवर उलगडला की ती नीट दिसते. वर चढते, खाली उतरते, पुन्हा चढते. पहिल्या फ्रेमच्या बाजूला ती ऐसपैस आहे, शेवटच्या फ्रेमकडे जाता जाता आखडत गेली आहे. कुणीतरी ओल्या बोटानं रेघ ओढावी तशी दिसते; पण बोटाची रेघ छत्तीस फ्रेमभर इतकी मोजूनमापून वाकत नाही.

हा रोल मी २००३च्या मे महिन्यात न्यू जर्सीत काढला आणि जूनमध्ये साताऱ्यात धुवायला टाकला. लॅबवाल्यानं आधी आपल्या यंत्राकडे संशयानं पाहिलं, मग केमिकलकडे आणि शेवटी माझ्या कॅमेऱ्याकडे. ‘‘झाकणातून उजेड शिरलाय,’’ हा त्याचा निकाल. तो मला पटला नाही. उजेड शिरला असता तर कडेनं लाल-पिवळा डाग आला असता. शिवाय त्याच कॅमेऱ्यातले दुसरे सहा रोल जवळजवळ स्वच्छ निघाले होते. बिघडले होते ते चारच, आणि ते चारही माझ्या मामांचे होते.

थोरले मामा १९६९ साली अमेरिकेला गेले. सांताक्रूझ विमानतळावरून निघताना खिशात सरकारनं मंजूर केलेले आठ डॉलर होते आणि सुटकेसमध्ये आजीनं दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी. कस्टमवाल्यानं ती बरणी उघडायला लावून आत चमचा फिरवून पाहिला, सोनंबिनं असेल म्हणून. बाकी कुणी काही तपासलं नाही. ‘‘बाँब घेऊन गेलो असतो तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण लोणच्याची मात्र चौकशी झाली,’’ असं मामा हसत सांगायचे. २००३ साली ते फार थकले होते. डोळ्यांना उजेड सोसत नसे, म्हणून मागच्या खोलीत पडदे अर्धे ओढून बसायचे. फ्लॅश मारायचा प्रश्नच नव्हता. मी ८०० एएसएचे चार रोल त्या अंधूक खोलीत त्यांच्याशी बोलता बोलता संपवले. उरलेले सहा रोल १०० एएसएचे होते. ते बाहेर, रखरखीत उन्हात, नायगारा आणि इतर ठिकाणी खर्ची पडले. पुढच्या फेब्रुवारीत मामा गेले.

परत निघताना मी दहाही रोल सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध ठेवले. ही शिकवण आमच्या पेठेतल्या स्टुडिओवाल्या काकांची. वीरगळ आणि जुने वाडे टिपण्यापुरता कॅमेरा मी त्यांच्याच डार्करूममध्ये शिकलो. १९७८ साली ते एका नातेवाइकाच्या लग्नाचे फोटो काढायला नैरोबीला गेले होते, तेव्हापासून त्यांचा नियम पक्का होता: ‘‘हातातल्या बॅगेत रोल कधी ठेवायचा नाही. तिथं एक्स-रे करतात. सुटकेसला कुणी हात लावत नाही.’’ काकांचा हा सल्ला १९७८ साली अगदी बरोबर होता. २००३ साली त्यानंच माझे रोल बिघडवले. मधल्या पंचवीस वर्षांत नेमकं काय झालं, ते समजून घेण्यात माझी बरीच वर्षं गेली.

०

क्ष-किरण आणि फिल्म यांचं वैर विमानतळावर सुरू झालं असा माझाही समज होता. वाचायला लागलो तेव्हा कळलं की या दोघांचं नातं रक्ताचं आहे. विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्सबुर्गच्या प्रयोगशाळेत हे अनोळखी किरण सापडले, आणि जगाला ते पटले ते फोटोच्या काचेमुळे. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीचा हात काचेवर ठेवून घेतलेली प्रतिमा, बोटांची हाडं आणि त्यावरची अंगठी, हा या किरणांचा सर्वांत गाजलेला पुरावा.

पण त्याच्या पाच वर्षं आधीची एक गोष्ट मला जास्त आवडते. २२ फेब्रुवारी १८९० रोजी फिलाडेल्फियात आर्थर गुडस्पीड हे प्राध्यापक आणि विल्यम जेनिंग्ज हे फोटोग्राफर विजेच्या ठिणग्यांचे फोटो काढत होते. काम संपल्यावर गुडस्पीड जेनिंग्जना विद्युतनलिका दाखवू लागले. जवळच न वापरलेल्या काचा पडल्या होत्या. काचा धुतल्यावर एकीवर दोन गोल सावल्या निघाल्या. कशाच्या, ते दोघांनाही कळेना; काच बिघडली म्हणून बाजूला ठेवून दिली. रोंटगेन यांची बातमी आल्यावर त्यांना ती आठवली आणि त्यांनी ती शोधून काढली. काचांवर दोन नाणी ठेवलेली होती. गुडस्पीड यांनी शोधाचा दावा केला नाही, याचं मला कौतुक वाटतं. बिघडलेली काच हातात असून तिच्याकडे नीट पाहिलं नाही, एवढंच त्यांनी कबूल केलं.

त्याच १८९६ साली हेन्री बेकरेल यांनी पॅरिसमध्ये काळ्या कागदात गुंडाळलेली काच युरेनियमच्या क्षारांसह खणात ठेवून दिली होती. ऊन पडत नव्हतं म्हणून प्रयोग अडला होता. मार्चच्या पहिल्या दिवशी त्यांनी ती काच तशीच धुतली, आणि उन्हाशिवायही ती काळवंडलेली पाहून किरणोत्साराचा शोध लागला. पुढची हकीकत १९४५ची. कोडॅक कंपनीच्या एक्स-रे फिल्मवर विनाकारण ठिपके पडू लागले. ज्युलियन वेब या कंपनीतल्या शास्त्रज्ञानं माग काढला तो फिल्मच्या वेष्टनातल्या पुठ्ठ्यापर्यंत आणि तिथून इंडियाना राज्यातल्या विन्सेन्स या गावच्या गिरणीपर्यंत. गवताच्या काडापासून होणाऱ्या त्या पुठ्ठ्याला वाबाश नदीचं पाणी लागायचं. वेबला त्यात जो किरणोत्सारी पदार्थ सापडला तो सेरियम १४१. निसर्गात तो तसा मिळत नाही. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात झालेल्या पहिल्या अणुस्फोटाची राख दीड हजार किलोमीटरहून लांबच्या नदीत उतरली होती. सरकारचं गुपित पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या फिल्मला कळलं होतं. वेबचा निबंध छापून आला तो १९४९ साली.

फिल्मच्या या स्वभावाचा पुढं रीतसर उपयोग झाला. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात किंवा इस्पितळांच्या एक्स-रे विभागात काम करणारे लोक एके काळी छातीवर फिल्मचा छोटा बिल्ला लावत. ठरावीक काळानं तो धुऊन किती काळा झाला ते मोजायचे. तेवढे किरण त्या माणसाच्या अंगावर पडले असं धरायचे. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. आमच्या पिढीला आठवणारे ‘इंदू’चे कृष्णधवल रोल तिथूनच यायचे, आणि एक्स-रेची फिल्मही तोच कारखाना करायचा. किरणांना घाबरणारी आणि किरणांसाठीच जन्मलेली फिल्म एका छताखाली तयार होत होती, कारण मुळात माल एकच.

तो माल म्हणजे जिलेटिनच्या थरात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक, फोटोवाल्यांच्या भाषेत दाणे. शटर उघडलं की ज्या दाण्यावर उजेड पडतो, त्यात चांदीच्या मोजक्या अणूंची एक गाठ तयार होते. डोळ्याला काही दिसत नाही, सूक्ष्मदर्शकालाही सहसा नाही. ही सुप्त प्रतिमा. रोल धुताना डेव्हलपर नेमके हे खुणावलेले दाणे ओळखतो आणि आख्ख्या दाण्याची काळी चांदी करतो. उजेडाचे काही कण एकापाठोपाठ पडावे लागतात तेव्हा कुठं दाणा खुणावला जातो. क्ष-किरणाचा कण इतका दांडगा असतो की एकच कण शोषला गेला तरी काम होतं. आणि दाणा हिशेब ठेवतो. आज थोडे किरण, उद्या दुसऱ्या विमानतळावर थोडे, असं करत धुईपर्यंतची सगळी बेरीज त्यात साठत जाते. जलद फिल्मचे दाणे मोठे असतात, म्हणून ती अंधूक खोलीत पाहू शकते. आणि म्हणूनच क्ष-किरणही तिलाच आधी लागतात. मामांच्या खोलीसाठी मी ८०० एएसए निवडली त्याच वेळी अर्धा निकाल लागला होता.

०

आता विमानतळ. मामा गेले तेव्हा प्रवाशाच्या शब्दावर विमानं उडत होती असं म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत १९६८पासून विमान पळवून क्यूबाला नेण्याची जणू साथच आली, तरी विमान कंपन्या प्रत्येकाची झडती घ्यायला तयार नव्हत्या. गिऱ्हाईक नाराज होईल ही भीती. १० नोव्हेंबर १९७२ रोजी सदर्न एअरवेजचं विमान पळवणाऱ्या तिघांनी ते ओक रिजच्या अणुभट्टीवर आदळायची धमकी दिली, आणि वाद संपला. ५ जानेवारी १९७३पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवासी आणि त्याच्या हातातली प्रत्येक बॅग तपासणं सक्तीचं झालं. इतक्या बॅगा हातानं उचकणं अशक्य, म्हणून क्ष-किरणांची यंत्रं आली.

पुढं यंत्रं सौम्य झाली. किरणांचा एक क्षणिक झोत सोडायचा आणि चित्र पडद्यावर धरून ठेवायचं, अशी युक्ती निघाली. अमेरिकेच्या नियमांत फिल्मला स्वतःची जागा मिळाली. एका तपासणीत एक मिलिरोंटगेनपेक्षा जास्त किरण पडणार असतील तर ‘सर्व प्रकारची फिल्म आधी बाहेर काढा’ अशी पाटी लावणं बंधनकारक झालं. आणि प्रवाशानं मागणी केली तर त्याचा कॅमेरा आणि फिल्म किरणांखाली न घालता तपासावी, असंही कलम आलं. हे कलम मी कितीतरी वेळा वाचलं आहे. विमानतळाच्या सुरक्षेच्या कायद्यात एका छंदाची इतकी कदर केलेली पाहून बरं वाटतं.

आपल्याकडचा क्रम थोडा वेगळा. ३० जानेवारी १९७१ला ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून निघून लाहोरला नेलं गेलं, त्याचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे. सुरक्षेची व्यवस्था मात्र बदलली ती १० सप्टेंबर १९७६च्या अपहरणानंतर. पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा वेगळा कक्ष निघाला. म्हणजे आमचे स्टुडिओवाले काका नैरोबीला गेले ते नेमकं त्या वर्षी. पिस्तूल आणि सुरा घेऊन विमानात चढणारा माणूस, हाच तेव्हा साऱ्या जगाच्या डोळ्यांसमोरचा शत्रू होता. तो स्वतः विमानात बसणार, म्हणून त्याच्या हातातली बॅग पाहायची. पोटातल्या सुटकेसपर्यंत त्याचा हात पोचत नाही, म्हणून तिच्याकडे कोण पाहतो? काकांचा सल्ला या तर्कावर उभा होता. फक्त त्यांना हा तर्क माहीत नव्हता, अनुभव तेवढा माहीत होता.

हा तर्क मोडला तो एअर इंडियाच्या विमानानं. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. टोरोंटो, मॉन्ट्रियल, लंडन, पुढं दिल्ली आणि मुंबई असा तो प्रवास होता. बाँब एका सुटकेसमध्ये होता आणि तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्या काळात चेक-इन बॅगांना किरणांखाली घालायची सर्रास पद्धत नव्हती. धमक्या येत होत्या, म्हणून एअर इंडियानं ती काळजी घेतली होती. आणि त्या दिवशी टोरोंटोला बॅगा तपासता तपासता ते क्ष-किरण यंत्र बंद पडलं. उरलेल्या बॅगा स्फोटकांचा वास घेणाऱ्या, हातात धरायच्या एका उपकरणानं तपासल्या गेल्या.

हे वाचलं त्या रात्री मी माझी निगेटिव्ह पाकिटात घालून ठेवून दिली. त्या पाकिटावर मी तोवर लॅबसाठी, विमान कंपनीसाठी तक्रारीचे मुद्दे लिहून ठेवले होते. कुणाच्या तरी मुंबईच्या घरी त्या दिवशी माणसं विमानतळावर निघायच्या तयारीत असतील. माझी तक्रार काय, तर यंत्र चाललं.

कनिष्कच्या परिणामी १ एप्रिल १९८७ला आपल्याकडचा सुरक्षेचा कक्ष स्वतंत्र खातं झाला. तोच आजचा नागरी विमान सुरक्षा ब्युरो. पण सुटकेस उघडून न पाहता आतलं कसं ओळखायचं, हा प्रश्न सुटला नव्हता. २१ डिसेंबर १९८८ रोजी लॉकरबीवर पॅन अॅमचं विमान फुटलं, २७० माणसं गेली. तिथंही बाँब सुटकेसमध्येच, तोही रेडिओ-कॅसेट प्लेअरच्या आत. साध्या एक्स-रेच्या सपाट चित्रात रेडिओ हा रेडिओच दिसतो. आत मऊ स्फोटक भरलंय की नाही, हे सांगायला वस्तूची घनता कळावी लागते.

ती कळण्याचं तंत्र दवाखान्यात तयार होतं. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ला लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला होता. एकाच बाजूनं किरण सोडायचे नाहीत. सभोवार फिरवत सोडायचे, आणि गणकयंत्रानं आतले काप मांडायचे. माणसाऐवजी सुटकेस ठेवली की झालं. इन्व्हिजन या कंपनीच्या सीटीएक्स ५००० या यंत्राला १९९४च्या अखेरीस अमेरिकी सरकारनं मान्यता दिली. ते आधी बॅगेचं हलकं चित्र घ्यायचं, आणि एखाद्या गोष्टीबद्दल शंका आली की तेवढ्या जागेवर किरणांचा अरुंद पण फार तीव्र झोत टाकून काप घ्यायचं. हातातल्या बॅगेच्या यंत्रापेक्षा हे किरण कित्येक पटींनी जास्त. ११ सप्टेंबर २००१नंतर नोव्हेंबरात अमेरिकेत कायदा झाला: ३१ डिसेंबर २००२पर्यंत प्रत्येक चेक-इन बॅग स्फोटकांसाठी तपासली गेली पाहिजे. माझी सुटकेस त्या तारखेनंतर पाच महिन्यांनी पट्ट्यावर चढली.

कोडॅकनं याबद्दल एक तांत्रिक पत्रक काढलं होतं. सोबत बिघडलेले नमुने छापले होते. ते पाहताना मला माझीच लाट भेटली. किरणांचा झोत सरळ असतो, मग लाट कुठून? उत्तर आमच्या घरात ताटातच मिळालं. सुरळीच्या वडीवर सुरी सरळ चालवली तर उलगडल्यावर सरळ काप दिसतो. तीच सुरी तिरकी चालवली तर उलगडलेल्या पट्टीवर वरखाली जाणारी लाट उमटते. रोल म्हणजे डबीतली फिल्मची सुरळी. बाहेरचे वेढे मोठे, म्हणून तिथं लाट ऐसपैस. फिल्मचं शेवटचं टोक आतल्या दांडीला चिकटवलेलं असतं, म्हणून छत्तिसावी फ्रेम सगळ्यांत आत, वेढा लहान, लाट आखूड. माझ्या सुटकेसमध्ये तो रोल किती तिरका पडला होता, हेसुद्धा त्या लाटेवरून काढता येतं. मी कंपासपेटी घेऊन ते काढून पाहिलं. बायको म्हणाली, आता त्याचा काय उपयोग? काही नाही, हे खरंच आहे.

बाकीचे सहा रोल जवळजवळ स्वच्छ होते, त्या ‘जवळजवळ’चा अर्थही मग लागला. लाट त्यांच्यावरही होती, पण फिकी. मंद फिल्मला किरण कमी लागतात. शिवाय रखरखीत उन्हातल्या दृश्याची निगेटिव्ह मुळात दाट काळी असते. तिच्यावर आणखी थोडं काळं चढलं तरी कळत नाही. सावलीच्या जागी निगेटिव्ह जवळपास कोरी असते, तिथं मात्र जरासा डागही उठून दिसतो. नायगारा वाचला, पडदे ओढलेली खोली गेली.

शिशाचं अस्तर लावलेल्या पिशव्या मिळतात, मीही एक घेतली. पण किरण आत शिरू न देणारी पिशवी म्हणजे तपासणाऱ्याच्या पडद्यावर एक काळा ठोकळा. असा ठोकळा पाहून जो माणूस बॅग उघडायला सांगणार नाही, त्याला त्या खुर्चीवर बसवू नये. तेव्हा पिशवीचा उपयोग एवढाच की शेवटी हातानं तपासायची वेळ येते. ती सरळ विनंती करूनही आणता येते.

०

२००३नंतर माझा नियम काकांच्या नेमका उलटा झाला: न धुतलेली फिल्म कायम हातातल्या बॅगेत, सुटकेसमध्ये चुकूनही नाही. हातातल्या बॅगेचं साधं यंत्र ४०० एएसएपर्यंतच्या फिल्मला दोन-चार वेळा काही करत नाही. ८०० किंवा वर असेल तर हातानं तपासा म्हणायचं. मधल्या काळात हा विषयच संपतो की काय असं वाटलं. डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डाला या किरणांनी काही होत नाही. २००९ साली कोडॅकनं कोडाक्रोम बंद केली. तिचा शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला. न्यूयॉर्क, मुंबई, राजस्थान, तुर्कस्तान असा फिरवत त्यांनी तो संपवला आणि जुलै २०१०मध्ये कॅन्ससमधल्या पार्सन्स या गावी नेला, कारण कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब तिथं होती. अवघ्या छत्तीस फ्रेम, इतके देश, आणि सगळं न धुतलेलं. ६४ एएसएची मंद फिल्म होती म्हणून माझा जीव थोडा कमी टांगणीला लागतो, एवढंच. जानेवारी २०१२मध्ये कोडॅक कंपनीच दिवाळखोरीत गेली.

आणि मग फिल्म परत आली. माझा पुतण्या, ज्याचा जन्म डिजिटलच्या जमान्यातला, त्यानं जुन्या बाजारातून कॅमेरा आणला आणि माझ्याकडे रोल भरायला शिकायला बसला. जून २०२४मध्ये पेंटॅक्सनं नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. योगायोग असा की ब्रिटनमधल्या मोठ्या विमानतळांना हातातल्या बॅगांसाठी सीटी यंत्रं बसवायला दिलेली मुदतही त्याच जून महिन्याची होती. २००६च्या ऑगस्टमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीला आला, तेव्हापासून आपण बाटल्या बाहेर काढत आलो. सीटी यंत्राला बॅगेतली प्रत्येक वस्तू सर्व बाजूंनी दिसते, त्यामुळं काही बाहेर काढायची गरज राहत नाही. अमेरिकेनं अशा तीनशे यंत्रांची मागणी २०१९ साली नोंदवली. प्रवाशांची सोय झाली यात शंका नाही. पण फिल्म करणाऱ्या कंपन्यांनी लगेच बजावलं: या यंत्रातून एकदा गेली तरी न धुतलेली फिल्म बिघडू शकते. म्हणजे काकांचा सल्ला चुकीचा ठरून वीस वर्षं होत नाहीत तोच माझाही चुकीचा ठरला. आता सुटकेसही नाही आणि हातातली बॅगही नाही. राहिला तो फक्त माणसाचा हात.

गेल्या हिवाळ्यात देशातल्याच एका विमानतळावर हा प्रयोग करून पाहिला. पारदर्शक पिशवीत ४०० एएसएचे तीन रोल, डब्यांतून बाहेर काढलेले. तपासनीस जवान विशीतला होता. त्यानं रोल तळहातावर घेतला, कानाशी हलवला, जिभेसारखी बाहेर आलेली फिल्म ओढून पाहू लागला. मी घाईनं म्हणालो, उघडू नका, उजेड लागला तर फोटो जातील. त्यानं यंत्राकडे बोट केलं. मी म्हणालो, त्यातही घालू नका, शक्य असेल तर. तो माझ्याकडे पाहत राहिला. उर्मटपणे अजिबात नाही. खरोखरच अडचणीत पडल्यासारखा.

‘‘तो फिर देखूँ कैसे?’’

मला उत्तर देता आलं नाही. रोलमध्ये काय आहे हे त्यानं पाहिलं तर ते राहणार नाही, आणि न पाहता सोडायचं तर माझ्या शब्दावर सोडावं लागणार. पन्नास वर्षांची सगळी यंत्रं ज्या शब्दावर विसंबायला नको म्हणून आली, तोच मी त्याच्यापुढं धरला होता. मागं रांग वाढत होती. त्यानं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कापडाच्या एका तुकड्यानं तिन्ही रोल पुसून तो तुकडा स्फोटकांच्या तपासणी यंत्रात घातला, आणि तरीही, नियम नियम असतो म्हणून, पिशवी साध्या एक्स-रेतून जाऊ दिली. मी काही बोललो नाही. तिन्ही रोल स्वच्छ निघाले. त्या जागी सीटी यंत्र येईल तेव्हा कुठल्या हक्कानं हात जोडायचे, ते अजून ठरवलेलं नाही; तोवर प्रवासात काढलेले रोल तिथंच धुवून मग विमानात बसायचं, हा फिल्म कंपन्यांचा सल्ला पाळतो. लॅबच सापडत नाहीत ही वेगळी गोष्ट.

मामांच्या चार रोलांपैकी एक फ्रेम त्यातल्या त्यात बरी आहे. मामा खुर्चीत, मांडीवर वर्तमानपत्र, चष्मा कपाळावर. निगेटिव्हवर काळी असलेली लाट प्रिंटमध्ये पांढुरकी होते. ती खिडकीपासून निघून त्यांच्या खांद्यावरून तिरकी खाली आली आहे. मामेबहिणीनं मागितला म्हणून काही वर्षांपूर्वी मी तो प्रिंट तिला पाठवला. तिनं तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला, आणि फोनवर म्हणाली, बाबांच्या अंगावर उन्हाची तिरीप किती छान पडली आहे. त्या दुपारी पडदे ओढलेले होते आणि बाहेर पाऊस होता. ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.